एउसेबिओची बादली

सन २०२२. त्या साली मी कागदावर एकाहत्तर वर्षांचा होतो. आई सांगायची त्या हिशोबानं त्र्याहत्तर. मी आईचं धरतो. जन्माच्या वेळी हजर ती होती, मास्तर नव्हता.

शाळा मी तिसरीपर्यंत पाहिली. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. ज्याला काढायच्या त्यानं काढाव्यात. एउसेबिओबद्दल मात्र माझी चूक काढायला कोणी येऊ नये. तीन हंगाम मी त्याच्या शेजारी उभा राहून टोमॅटो निवडले आहेत.

मुलानं मला कॅनडात, सरेला आणलं आणि बेसमेंटची खोली दिली. खोली चांगली, हीटर चांगला, टीव्ही भिंतीएवढा. "बाबा, आता फक्त आराम करा," तो म्हणाला. आराम हे काम मला जन्मात जमलं नाही. महिनाभरात मी गल्लीतल्या पंजाबी म्हाताऱ्यांच्या गाडीत बसून नदीपलीकडच्या ग्रीनहाऊसवर जायला लागलो. मुलाला राग आला. सूनबाई वैशाली म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. नाहीतर ते माझं किचन री-ऑर्गनाइझ करतील." ती शहाणी आहे.

पहिल्याच दिवशी सुपरवायझर बलविंदरनं मला सगळ्यांपुढे उभं केलं. "ये नए पंजाबी बाबाजी हैं." मग एका बुटक्या माणसाकडे बोट केलं. "और ये मेक्सिकन."

तो माणूस माझ्या खांद्याला लागेल एवढा. छाती पिंपासारखी, रंग आपल्याकडच्या माणसाचाच, डोक्यावर वेताची हॅट. त्यानं हातातली पेटी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नो मेक्सिकन. सापोतेको."

मला ते फार आवडलं. मीही छातीवर हात ठेवला. "नो पंजाबी. मराठी."

बलविंदरनं कपाळाला हात लावला. "ओ जी, दोनों एक जैसे ज़िद्दी! चलो, एक ही लाइन पे लगो."

अशी आमची ओळख झाली.

सापोतेक म्हणजे मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या, वाहाका प्रांतातल्या डोंगरांतली आणि खोऱ्यांतली जुनी माणसं. मेक्सिको नावाचा देश निघाला त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची गावं तिथं आहेत. भाषा वेगळी. स्पॅनिश एउसेबिओ शाळेत शिकला, तेही हातावर पट्टी खाऊन, कारण घरची भाषा तोंडातून निघाली की मास्तर मारायचा. मी मार खाऊन शाळा सोडली, त्यानं मार खाऊन दुसरी भाषा उचलली. आमच्या दोघांत थोडं इंग्रजी, थोडी बलविंदरची हिंदी, थोडं स्पॅनिश, आणि उरलेलं हातांनी. अडलं कधी नाही. अडतं ते भाषा चांगली येणाऱ्यांचं.

मी सांगितलं, मला आबा म्हण. तर त्याच्याबरोबरची सगळी पोरं हसून लोळायला लागली. त्यांच्या स्पॅनिशमध्ये आबा म्हणजे वालासारखं एक कडधान्य. एउसेबिओ मात्र हसला नाही. हॅट सरळ करून म्हणाला, "गुड फूड." त्या दिवसापासून अख्ख्या ग्रीनहाऊसमध्ये मी वालाचा दाणा.

त्याच्या एकेक सवयी होत्या. सकाळी आल्यावर प्रत्येकाच्या बोटांना बोटं लावायची. हात दाबायचा नाही, हलवायचा नाही, नुसती बोटं टेकवायची, देवाच्या पायाला टेकवतो तशी. एकालाही गाळायचं नाही. त्यात शिफ्टची पहिली काही मिनिटं जायची आणि बलविंदर घड्याळाकडे बघत कण्हायचा. एकदा तो ओरडला, "ओये, कल मिला था ना इनसे!" त्यावर एउसेबिओचं उत्तर: "यस्टरडे, यस्टरडे." म्हणजे, कालचं काल झालं.

दुसरी सवय कॉफीची. काहीही प्यायचं तर पहिला घोट जमिनीला. आपल्याकडे पानाभोवती पाणी फिरवून चार शितं बाजूला काढतात ना, तसंच म्हणा. पण ग्रीनहाऊसची फरशी पांढरी सिमेंटची, आणि तिच्यावर रोज दहा वाजता कॉफीचा डाग. बलविंदरनं वॉर्निंग दिली. आता हा काय करणार, म्हणून आम्ही सगळे बघत होतो. दुसऱ्या दिवशी एउसेबिओनं खिशातून रोपाची छोटी कुंडी काढली, मुठीएवढी, मातीनं भरलेली. तिच्यात घोट ओतला, उरलेला स्वतः प्यायला, कुंडी परत खिशात. बलविंदर तोंड उघडून बघत राहिला. नियम कुठला मोडला तेच त्याला सांगता येईना. महिन्याभरानं त्या कुंडीत कसलंसं गवत उगवलं, तेही खिशातून डोकावायचं.

हॅट तो दोनच वेळा काढायचा. जेवताना, आणि गावाकडचा फोन आला की. फोनवर त्याच्या गावचे वडीलधारे असायचे, दोन रेमिहिओ. हे 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, आपल्याकडच्या 'राव'सारखा मान आहे. समोर माणूस नाही, नुसता आवाज, तरी हा हॅट छातीशी धरून ताठ उभा. मी म्हणालो, "अरे, त्यांना दिसतंय का?" तो म्हणाला, "मला दिसतंय."

दुसऱ्या हंगामात माझा खांदा धरला. चार दिवस मला पेटी उचलवेना. मी कोणाला बोललो नाही, पण माझ्या पेट्या जागेवरून आपोआप हलायला लागल्या. हाच हलवत होता, बलविंदरची पाठ फिरली की. खांदा सुटल्यावर मी दुकानातून मिठाईचा खोका आणून त्याच्यापुढे धरला. त्यानं खोका दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. "नो. गेलागेत्सा."

त्याचा अर्थ कळायला आमचं अख्खं जेवण गेलं. आज तू माझ्या घरी काम करतोस, उद्या मी तुझ्या घरी. आज मी तुझ्या लग्नाला कोंबडा देतो, उद्या तू माझ्या लग्नाला. मध्ये खोका आणायचा नाही. आणलास म्हणजे तुला संबंध तोडायचा आहे.

मी म्हणालो, "मग सरळ इर्जिक म्हण ना!"

आमच्या गावात एकाच्या नांगरटीला सगळे आपापली बैलं घेऊन जायचे. त्याला मजुरी नसते. जेवण असतं, आणि पुढची पाळी असते. तिलाच इर्जिक म्हणतात. एउसेबिओनं शब्द तोंडात घोळवला. "इर्चिक." 'ज' काही त्याला साधला नाही. पण मी रविवारी माझं खुरपं घेऊन गेलो. हो, खुरपं मी बॅगेतून आणलं होतं. विमानतळावर विचारलं, तर म्हातारपणाची काठी जशी, तसं हे, असं सांगितलं. त्याच्या राहत्या खोल्यांमागं त्यानं गावचं बी आणून मका लावला होता. दोघांनी मिळून तो भांगलला. शब्द त्या दिवशी पक्का झाला.

तर त्या २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की एउसेबिओ बादल्या गोळा करतोय. हॉटेलांना लोणचं येतं त्या पांढऱ्या, झाकणाच्या. धुवायच्या, आणि कुंपणाच्या खांबांवर पालथ्या घालायच्या. एकेका खांबावर एकेक बादली, लांबून बघितलं तर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं रांगेत उभी आहेत असं वाटे. बलविंदर म्हणाला, "बाबाजी, आपका दोस्त गया काम से."

मी विचारलं तेव्हा त्यानं हॅट काढली. फोन आलेला नसताना आणि जेवण समोर नसताना हॅट काढलेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्यांच्या गावात दर वर्षी सणाचा मान एका घराकडे येतो. त्या घरानं गावाला वाजवून, नाचवून, जेवू घालायचं. आलेला एकही पाहुणा रिकाम्या हातानं परत जाता कामा नये, हा शेवटचा नियम, आणि सगळ्यांत कडक. त्याच्या बापाचा मान आला तेव्हा बाप पोटासाठी परमुलखात होता. मान चुकला, पाहुणे दारातून उपाशी परतले. पुढं बाप गेला, पण गाव विसरलं नाही. एउसेबिओ साठीला आला तरी गावात त्याची ओळख काय? 'उपाशी पाहुण्याचा पोरगा.' आणि आता मान त्याच्याकडे आला होता, तोही नेमका परमुलखात असताना.

त्यानं दोन रेमिहिओंना विनवलं. गावातला सण बायको करेल. इकडं या खोऱ्यातल्या शेतांवर आमच्या भागाची पन्नासभर माणसं आहेत, त्यांचा सण त्याच दिवशी मी करेन. दोन रेमिहिओ म्हणाले, कर. फोन लावून ठेव. मी बघेन.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा हंगाम संपत होता. म्हणजे सण करायचा आणि लगेच गावात पाऊल टाकायचं. कसं टाकायचं, ते त्या एका दिवसावर होतं.

आता सणात टर्की लागते. शिजवायला लागतेच, पण एक नाचायलाही लागते. जिवंत. ऑक्टोबरचा महिना, थँक्सगिव्हिंगचे दिवस, दुकानांत जिकडंतिकडं टर्की. पण सगळ्या दगडासारख्या गोठलेल्या. वैशालीनं मला दुकानात नेलं. "बाबा, ही बघा, सेलवर आहे." मी म्हणालो, "हिला नाचता येत नाही." ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की घरी गेल्यावर मुलाच्या कानाशी लागणार हे मी ओळखलं. शेवटी बलविंदरच्या ओळखीच्या शेतावरून एक जिवंत नर मिळाला. बलविंदरनं तो स्वतःच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर आणला. सीटबेल्ट लावून. म्हणाला, "तिकीट हो जाता, जी." तिकीट म्हणजे इकडं पोलिसांचा दंड.

सणाच्या दिवशी पाऊस होता, पण तो इकडं नेहमीचाच. प्लास्टिकचं एक रिकामं शेड त्यांनी रंगीत कागदाच्या झालरींनी भरून टाकलं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि सनई सुरू झाली. सनईच! ते तिला चिरिमिया म्हणतात, पण मला कोण फसवणार? तसेच वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल, तसाच जिवाला हात घालणारा आवाज. बरोबर ढोल. मी नकळत डोक्यावरची टोपी सारखी केली.

एउसेबिओ दारात उभा. पांढरा स्वच्छ सदरा, हॅट हातात. येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना बोटं. टेबलावर केचपच्या बाटलीला टेकवून फोन ठेवलेला, आणि फोनमध्ये दोन रेमिहिओ. सुरकुतलेले, पापणी न हलवता बघणारे. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. म्हातारा म्हाताऱ्याला ओळखतो.

नाच सुरू झाला. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. जमिनीला लागू नये अशी छोटी छोटी पावलं. बायका डोक्यावर फुलांच्या परड्या घेऊन. पुरुषांनी ती टर्की हातात घेऊन नाचायचं, गळ्यात तिच्या लाल फीत. फिरत फिरत ती एउसेबिओकडे आली आणि त्यानं सरळ माझ्या कडेवर दिली.

"आबा, डान्स!"

मी लग्नात नाचलो नाही, पोराच्या लग्नात नाचलो नाही, आणि कॅनडात येऊन पक्षी कडेवर घेऊन नाचलो. टर्कीला माझ्यापेक्षा जास्त सवय असावी. ती गंभीर चेहऱ्यानं आजूबाजूला बघत होती आणि मधूनच माझ्या सदऱ्याचं बटण ओढत होती. तिकडं बलविंदरला राहवेना. त्यानं खांदे उडवत भांगडा सुरू केला. फोनमधले दोन रेमिहिओ पहिल्यांदा हलले. नंतर कळलं, हसत होते.

मग जेवण. काळा रस्सा, मोले म्हणतात. मिरच्या करपेस्तोवर भाजून, तीळ, दाणे, लवंगा, दालचिनी. पहिला घास घेतला आणि म्हटलं, हा तर आपल्या काळ्या मसाल्याचा चुलतभाऊ. मग एउसेबिओनं सांगितलं, यात चॉकलेट आहे. घास मी तोंडातच धरून ठेवला. पण चुलतभाऊ तो चुलतभाऊच. गिळला.

आता आम्हाला लहानपणापासून शिकवण काय? पानात टाकायचं नाही. तर माझं ताट स्वच्छ झालं. लगेच एक बाई आली आणि टर्कीची अख्खी तंगडी, वर रस्सा, वर चार जाड मक्याच्या भाकऱ्या. मी तेही संपवलं. पुन्हा ती आली. आजूबाजूला बघतो तर बाकी सगळ्यांची ताटं भरलेली, चार घास खाऊन थांबलेली, आणि सगळे माझ्याकडे कौतुकानं बघतायत. तिसऱ्या ताटाला बलविंदर माझ्या कानाशी आला. "बाबाजी, रुक जाओ! इनके यहाँ खाली प्लेट का मतलब और दो. बाकी घर ले जाते हैं!"

घरी नेतात! तेव्हा त्या बादल्यांचा उलगडा झाला. प्रत्येक जण ताटातलं उरलेलं बादलीत घालत होता, वर एउसेबिओ आणखी वाढत होता, झाकण लावत होता, हातात देत होता. माणसं हसत घेत होती. कुंपणावरच्या साऱ्या बादल्या भरून निघाल्या.

माझ्यापुढे बादली आली. मी हात मागं बांधले.

"नो. थँक यू."

माझी आई दुसऱ्याच्या लग्नातून निघताना मांडवाच्या दारात पदर झाडून दाखवायची. काही बांधून नेत नाही, बघून घ्या. आम्ही पोरं भुकेली असायचो, ती गोष्ट वेगळी. पानावर बसायचं, पोटभर जेवायचं, आणि हात हलवत ताठ बाहेर पडायचं. जेवण बांधून नेणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

एउसेबिओनं बादली पुढं केली. मी डोकं हलवलं. त्यानं आणखी पुढं केली. मी एक पाऊल मागं गेलो. सनई थांबली. तेवढ्यात फोनमधून आवाज आला. दोन रेमिहिओंनी विचारायचं ते विचारलं, रीतीप्रमाणं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एका पोरानं मला हळूच सांगितलं: "ते विचारतायत, सगळ्यांचे हात भरले का?"

सगळ्यांच्या हातात बादली. एकटा मी मोकळा. फोनमधले डोळे माझ्यावर. एउसेबिओच्या तोंडावरचा रंग उतरला. उपाशी पाहुण्याचा पोरगा. मला ते दिसत होतं हो, आंधळा नाही मी. पण हात पुढं येईनात. सत्तर वर्षं मागं बांधलेले हात होते ते.

तो अगदी जवळ आला. रागावला असेल असं मला वाटलं. त्यानं झाकणावर बोट ठेवलं. "नो गिफ्ट, आबा," तो म्हणाला. मग स्वतःकडे, माझ्याकडे, पुन्हा स्वतःकडे बोट फिरवलं. "इर्चिक."

मी बादलीकडे बघितलं. भांडं होतं ते. भांडं म्हणजे परत करायचं आलं. आणि आमच्यात शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. म्हणजे आता पाळी माझी. हे बांधून नेणं नव्हतंच. हा डाव होता, आणि डाव सोडून जाणारा मी नव्हे.

मी दोन्ही हातांनी बादली घेतली, फोनपुढं नेली आणि उंच धरली. दोन रेमिहिओंनी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि डोक्यावरची हॅट काढली. मला नव्हे, एउसेबिओला. मग सनई सुटली ती काय सुटली! एउसेबिओ टर्की घेऊन नाचत होता आणि डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

घरी आलो तर वैशाली दारातच. "बाबा, ही बादली? हे रूम टेम्परेचरला किती वेळ होतं?" मी म्हणालो, "चव बघ, मग विचार." तिनं बघितली. मग मुलानं बघितली. रात्री झाकण लावलं तेव्हा आत फार उरलं नव्हतं.

एउसेबिओ त्यानंतर इकडं आला नाही. गावानं त्याला पाण्याचा कारभारी केलं. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते आता तो ठरवतो. असला मान उपाशी पाहुण्याच्या पोराला देत नाहीत.

पण हे पुढचं झालं. सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो. बादली घासली. दाणे भाजले, सोलले, कुटले, गूळ चिरला आणि लाडू वळले. वैशाली झोपेतून उठून आली, किचनकडे बघितलं आणि तशीच परत झोपायला गेली. मुलाला म्हणालो, गाडी काढ.

ग्रीनहाऊसच्या फाटकात व्हॅन चालू होती. पोरं बसलेली. एउसेबिओ सगळ्यांत शेवटी चढत होता. मी बादली पुढं केली. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, एक लाडू फोडला, पहिला तुकडा जमिनीला टाकला, दुसरा तोंडात. मग सगळे लाडू आपल्या पिशवीत भरले, आणि बादली माझ्याकडे द्यायला निघाला तो मध्येच थांबला. रिकामी होती ना!

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एउसेबिओ खिसे चाचपायला लागला. हा खिसा, तो खिसा. पुन्हा हॉर्न. शेवटी त्यानं वाटेत खायला म्हणून मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेला आपला पिठाचा गोळा, तामाल, काढला, एकच होता, अजून कोमट, आणि बादलीत ठेवला. झाकण लावलं, बोटं माझ्या बोटांना टेकवली आणि उडी मारून आत बसला. काचेतून मला दाखवत होता: बादलीकडे बोट, मग माझ्याकडे बोट. पाळी तुझी. दात काढून हसत होता, लेकाचा.

व्हॅन वळणाआड गेली. मी फाटकात उभ्यानंच तामाल खाल्ला. पहिला तुकडा जमिनीला दिला, तिचा माझ्यावरही हक्क होताच. मग घरी येऊन बादली स्वच्छ धुतली, पुसली, माझ्या खोलीत खिडकीशी ठेवली. पालथी घातली नाही.